ओडेसामावशींचा चेहरा टिपणारा कॅमेरा

मित्रांनो, माझी चावी गंजली आहे, पण बोलायला चावी लागत नाही. मी एक जुना सिनेमा कॅमेरा. चावी पिळली की अर्धा मिनिट चालायचं, थांबलं की पुन्हा पिळायची, हा माझा जन्माचा धंदा. कारखान्यातून निघालो तेव्हा लग्नं आणि वाढदिवस टिपायचे, एवढंच माझ्या मनात होतं. पण मी पडलो शिकागोच्या चळवळीत, आणि काय सांगू, तिथे धमाल होती.

लेनोर आणि थॅड ही माझी माणसं. सगळी व्यवस्था उलथवायला निघालेली. गल्लीतल्या भाडेकरूंनी पडक्या घरांचं भाडं देणं बंद केलं होतं, त्यावर ही मंडळी माहितीपट काढत होती. त्यांच्यात सगळं मतानं ठरे, कॉफीत साखर किती तेसुद्धा. पोलिसांना ओळख पटू नये म्हणून कुणाचाही चेहरा घ्यायचा नाही, असंही त्यांनी एकमतानं ठरवलं होतं. त्यामुळे मी आपला पाठी आणि बूट टिपत होतो.

एका सकाळी भाडं थकवणाऱ्यांना घराबाहेर काढायला शेरीफची, म्हणजे सरकारी जप्तीची, माणसं आली आणि त्याच गल्लीतल्या भाडेकरू ओडेसामावशींचं सामान रस्त्यावर टाकू लागली. घर रिकामं झालं की दाराला कुलूप लागणार होतं. पण त्या गल्लीची रीतच वेगळी. पुढच्या दारानं सामान बाहेर आलं, की शेजारी ते मागच्या जिन्यानं परत वर नेत. पलंग, इस्त्री, मक्याच्या पिठाचा डबा, सगळं गोल फिरत होतं. मी आनंदानं घरघरत होतो.

तेवढ्यात सोफ्याचं एक टोक धरून मावशी थेट माझ्यासमोर आल्या. थॅडनं माझ्यापुढे हात आडवा घातला.

"चेहरा येतोय. थांबा, मत घेऊ."

भर रस्त्यात हात वर होऊ लागले. मावशींनी सोफा खाली टेकवला.

"तोंड माझं आणि मतं तुमची? मला विचारलं का रे कुणी?"

"तुमच्या भल्यासाठीच, मावशी," लेनोर पुटपुटली.

"पाठीला कोण ओळखतं, बाई? तू चावी पिळ. आणि थॅड, तो हात सोफ्याला लाव."

लेनोरनं चावी पिळली. मावशी माझ्या डोळ्यात बघून म्हणाल्या, "मी ओडेसा ट्रिम्बल. हिवाळाभर घरमालक घर तापवायची शेगडी बंद ठेवतो आणि वर भाडं मागतो. मी घर सोडणार नाही." त्या अर्ध्या मिनिटाचा मला फार अभिमान आहे.

त्या दिवशी कुलूप टळलं, पण शेरीफची माणसं परत येणार होती. रविवारी चर्चच्या तळघरात चादर ताणून आम्ही तो माहितीपट दाखवला. चादरभर मावशींचा चेहरा आला आणि सगळं तळघर उठून उभं राहिलं. शेरीफची माणसं पुन्हा आली, तेव्हा जिना, अंगण, रस्ता माणसांनी भरला होता आणि प्रत्येक जण माझ्याकडे तोंड करून आपलं नाव सांगत होता. शेरीफची माणसं गाडी वळवून निघून गेली. मावशी शेवटपर्यंत त्याच घरात राहिल्या.

पुढे व्हिडिओ आला आणि मी कपाटात गेलो. भिंगावर बुरशी चढली. शेजारच्या डब्यातली ती फिल्म आता सडत चालली आहे, आंबट वास मारते आहे. मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल, पण तिची प्रत काढून ठेवा. मावशींनी जे तोंड कुणाला झाकू दिलं नाही, ते आपल्या आळसानं पुसलं जाऊ देऊ नका.