मी गेलो पलीकडच्या खाचेत

आज ऊन कसं लख्ख पडलंय! आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं. पाऊस गेला, पण नाल्याचं पाणी काही थांबायला तयार नाही. अन् मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून त्यालाच अडवायला निघालोय. मी बंधाऱ्याचा लोखंडी दरवाजा बोलतोय. मला कडी नाही, कोयंडा नाही. पावसाळा सरला की बंधाऱ्याच्या खाचेत उभं राहायचं अन् पाणी धरायचं, एवढंच माझं काम.

आमचा नाला म्हणजे शीव. अलीकडे वर्धा जिल्हा, पलीकडे अमरावती. बंधारा एकच, पण जाणत्या माणसांनी दरवाजे वाटून दिलेले. निम्मे आमच्या ग्रामपंचायतीत, निम्मे त्यांच्या. एकट्या गावाला पाणी अडवताच येऊ नये, म्हणून.

उन्हाळाभर मी पंचायतीमागं पडून असतो. शेळ्या अंगावर बसतात, बसू द्या. वाईट वाटलं ते गेल्या साली. नारळ कोणत्या सरपंचानं फोडायचा, यावरून दोन्ही गावं अडून बसली. आम्ही जागच्या जागी, अन् पाणी गेलं निघून. हरभरा वाळला, विहिरी तळाला गेल्या.

म्हणून आज वाटभर एकच घोर होता, पलीकडचे येतील का? बंधाऱ्यावर पोचलो, तर पलीकडे चिटपाखरू नाही!

म्हातारे नत्थूजी म्हणाले, "सपनाताई, आपले दरवाजे आपल्या बाजूनं लावू अन् मोकळे होऊ."

"अन् त्यांची बाजू उघडी राह्यली, तर पाणी थांबते का?" आमच्या सरपंच सपनाताई म्हणाल्या. "आपले सारे त्यांच्या बाजूनं लावा."

"अवो, तो दुसरा जिल्हा होय!"

"दरवाज्याले का जिल्हा समजते, नत्थूजी?"

समजत होतं की! सगळं अंग झणझणत होतं. गड्यांनी मला उचललं अन् पलीकडच्या खाचेत सोडलं. गार पाणी छातीवर धडकलं.

तेवढ्यात पलीकडचे सरपंच हिरालालजी धावत आले. "आमच्या घरात तुमचा दरवाजा काऊन लावून राह्यले?"

"तुमचं घर उघडं होतं, भाऊ. आता आमचं उघडं हाये. तुमचे आणून लावा."

"अन् नारळ?"

"नारळ आणलाच नाई. चहा आणला. येजा प्यायले."

हिरालालजींनी चहाचा कप घेतला. मग मागं वळून ओरडले, "अबे, ट्रॅक्टर काढा लवकर!"

त्यांचे दरवाजे आमच्या खाचांत बसले. पाणी थबकलं, घुटमळलं अन् हळूहळू चढू लागलं. दोन्ही काठांवर एकच गलका!

आता पाणी माझ्या गळ्याशी आलंय. बाबांनो, मी गंजत चाललोय. पण जोवर उभा राहतोय, तोवर दरसाली मला असंच पलीकडं लावत जा.

मधल्या खांबापलीकडे, आमच्या बाजूला, त्यांचा एक दरवाजा उभा आहे. माझा नवा शेजारी. तो मघाशी हळूच म्हणाला, "काय गा, तुह्या गावातून माह्यं गाव लय जवळ दिसते!"