श्वासाची जागा

ऋषिकेशने लग्नाचा व्हिडिओ पुन्हा मागे ओढला आणि डोळे बारीक करून आवाजाच्या हिरव्या पट्टीकडे पाहत राहिला. त्याला एक रिकामी जागा हवी होती. दोन-तीन सेकंदांची असली तरी चालली असती, पण त्यात कोणी बोलायला नको, गायला नको. नुसती मांडवामागच्या जनरेटरची घरघर हवी.

स्टुडिओत त्याच्या पाठीमागे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर सासू-सुना बसल्या होत्या. छाया पर्स मांडीवर घेऊन पडद्याकडे बघत होती. भागूबाई मात्र खुर्चीच्या कडेवर टेकली होती, पुढच्या थांब्यावर उतरायचं असल्यासारखी. भागूबाई म्हणजे कुंभिवलीची धवलारीण, लग्नातले धवले म्हणणारी, आणि छाया तिच्या जोडीला गाणारी. लग्नात भटजींच्या मंत्रांना जेवढा मान, तेवढाच तिच्या धवल्यांना. हळद असो, तेलवण असो, तिने गाणं उचलल्याशिवाय कोणाचा हात पुढे व्हायचा नाही. पण गावातल्या निलेशच्या लग्नात मांडवाच्या मागे जनरेटर आणि पुढे हायवे, अशा कात्रीत तिचा आवाज सापडला. म्हातारी नुसते ओठ हलवते, असं कोणीतरी बोलून गेलं आणि ते गावभर झालं. आता ओमकारचं लग्न तोंडावर आलं होतं, आणि त्याची आई जिजा धवलारीण बोलवायच्या ऐवजी स्पीकरवर गाणी लावायची भाषा करत होती.

"तो जनरेटर तेवढा काढ रं," भागूबाई म्हणाली. "मंग जिजाला आयकव. मला दुसरं कायच नको."

"काढतो की, आजी. पण नको असलेला आवाज कुठला, ते आधी सॉफ्टवेअरला दाखवावं लागतं. एकदा दाखवला की सगळीकडून वेचून काढतं."

"तांदळातनं खडं काढावं तसं."

"अगदी तसंच."

एरवी तो गाणं सुरू व्हायच्या आधीचा तुकडा घेई. पण निलेशच्या लग्नात हा पठ्ठ्या कॅमेरा घेऊन जेवणाच्या पंगतीतच रमला होता. कॅमेरा धवल्यावर आला तेव्हा गाणं निम्मं झालं होतं, आणि ते संपतंय न संपतंय तोच बँडवाले तुटून पडले होते. त्यामुळे जागा शोधायची ती गाण्याच्या पोटातच. अखेर ती सापडली. पडद्यावर छायाचे ओठ मिटले, तिने श्वास घेतला आणि हिरवी पट्टी खाली बसली. शेजारची भागूबाई करवलीच्या आड गेली होती. ऋषिकेशने तेवढा तुकडा उचलला, सॉफ्टवेअरला दाखवला आणि सगळ्या गाण्यावरून फिरवला.

"ऐका आता."

जनरेटर नव्हता. हायवेवरचे ट्रकही नव्हते. छायाचा आवाज नुकत्याच घासलेल्या तांब्यासारखा लख्ख ऐकू येत होता. ऋषिकेशला स्वतःच्याच कामाचं कौतुक वाटलं, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलंही.

भागूबाईने मान खाली घालून सगळं ऐकलं.

"हा झाला छायाचा," ती म्हणाली. "आता माजा लाव."

"आजी, हाच आहे. एवढाच आहे."

"आसं कसं?" छाया पुढे झाली. "आई पन धवला म्हनत व्हत्या की. माज्या कानाशीच व्हत्या."

"माइक जे ऐकतो तेच मी देतो, छायाताई. यात माझ्या पदरचं काही नाही."

हे वाक्य त्याने गिऱ्हाइकांना आजवर पुष्कळदा ऐकवलं होतं. तेवढ्यावर ती माणसं गप्प बसत, म्हणून ते त्याच्या जिभेवर बसलं होतं.

"गप गं," भागूबाई सुनेला म्हणाली. "त्याचं यंत्र कशाला खोटं बोलंल?" ती उठली, पदर सारखा केला आणि दारापाशी थांबली. "बरी गातीस तू. जिजाला मी सांगते, तू येशील म्हनून."

त्यानंतर काही दिवसांनी छायाचा फोन आला, तेव्हा तो तहसील कचेरीसमोरच्या टपरीवर चहा पीत होता.

"दादा, आईचं कायतरी बिनसलंय. जेवतात, कामं करतात, पन भाकरी थापताना पन गुनगुनत नाय. आमच्या घरात आसं कदी झालं नाय. तुमी परत एकदा बगा ना."

"ताई, मी सगळं नीट—"

"मी एकटी म्हनतच नव्हते. मी श्वास घेते तवा आई सूर धरून ठेवतात. धवला मदीच तुटू द्यायचा नसतो. तुटला तर वाईट मानतात. म्हनून तर दोगी लागतात."

चहा तसाच ठेवून ऋषिकेश स्टुडिओत आला. सॉफ्टवेअरमध्ये एक खूण असते. तिच्यावर टिचकी मारली की साफ केलेला आवाज बंद होतो आणि काढून टाकलेला तेवढा ऐकू येतो. ती सहसा कोणी चालवत नाही. केराची टोपली उपसायला कोणाला वेळ असतो? त्याने हेडफोन घातले आणि ती खूण दाबली.

आधी जनरेटरची घरघर. मग एक ट्रक गेला. आणि त्या घरघरीतून, तिच्याच उंचीला लागलेला, खरखरीत पण न हलणारा एक म्हातारा सूर. पडद्यावर छायाचे ओठ पुन्हा उघडेपर्यंत तो टिकून राहिला, आणि ते उघडल्यावर खाली जाऊन बसला. पुढच्या श्वासाला पुन्हा वर आला. गाणं संपेपर्यंत एकदाही चुकला नाही.

त्याने उचललेला तुकडा रिकामा नव्हता. नेमकी भागूबाईची जागा त्याने सॉफ्टवेअरला दाखवली होती, हे नको म्हणून सांगितलं होतं, आणि सॉफ्टवेअरने बिचाऱ्याने इमानदारीने तिला गाणंभर शोधून शोधून बाहेर काढलं होतं. ऋषिकेशला लाज वाटली, आणि त्याहून जास्त बोचलं ते 'यात माझ्या पदरचं काही नाही' हे स्वतःचंच वाक्य.

निलेशच्या रिकाम्या मांडवाच्या सजावटीचं सकाळचं चित्रण त्याच्याकडे होतं, त्यातही तोच जनरेटर चालू होता; हे त्याला आधी सुचलंच नव्हतं. तिथला तुकडा घेऊन त्याने सगळं काम नव्याने केलं आणि लॅपटॉप पाठीला लावून मोटारसायकल कुंभिवलीकडे काढली.

भागूबाई पडवीत वाल सोलत बसली होती. त्याने काही न लपवता सगळं सांगितलं आणि गाणं लावलं. ती ऐकत होती, पण हात थांबले नाहीत. फक्त थोड्या वेळाने दाणे टरफलांच्या ढिगात पडू लागले आणि टरफलं सुपात.

"म्हंजे मी व्हते," ती म्हणाली.

"होतात."

"आनि तुज्या यंत्राला मी जनरेटर वाटले."

"यंत्राला नाही, आजी. मला."

"निलेशच्या मांडवात समद्यांनाच तसं वाटलं. तुज्या एकट्याचं काय घेऊन बसलास?"

"मी जिजाकाकूंना सांगतो. आत्ता जाऊन ऐकवतो."

"नको रं." तिने टरफलांतले दाणे एकेक करून वेचायला घेतले. "माजा आवाज निगतो, ह्ये तू दारोदार सांगत फिरनार? शबूद दिलाय मी. छायाच जाईल."

ओमकारच्या लग्नाला ऋषिकेश कॅमेरा घेऊन भल्या सकाळीच हजर झाला. छाया नव्या हिरव्या साडीत सतरंजीवर बसली होती, एकटीच. मांडवामागे जनरेटर चालू झाला, पंखे फिरायला लागले आणि तिने धवला उचलला. पहिल्या श्वासाला गाणं तुटलं. तिचा हात आपोआप शेजारी गेला आणि सतरंजीवर आपटून परत आला. दोन-चार म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. जिजाच्या कपाळाला आठी पडली. छायाने गाणं पुन्हा धरलं, पण आवाजाला कंप सुटला होता.

ऋषिकेशने कॅमेरा बायकांच्या घोळक्यावरून फिरवला. अगदी मागे, मांडवाच्या खांबाला टेकून भागूबाई बसली होती, पदर हनुवटीपर्यंत ओढून. छायाचा श्वास आला. भागूबाईचे ओठ उघडले. तो थांबला, कॅमेरा जवळ नेला आणि पुढच्या श्वासाची वाट पाहिली. पुन्हा उघडले. म्हणजे पहिल्या श्वासाला गाणं तुटलं ते बाकीच्यांपुरतं. तिने ते सोडलंच नव्हतं. ती तिथून प्रत्येक वेळी धरून ठेवत होती, आणि शेजारी बसलेल्या बाईलाही ते कळत नव्हतं.

त्याने कॅमेरा चालू ठेवून तो ट्रायपॉडवर लावला, मांडवाचं कापड वर करून मागे गेला आणि जनरेटर बंद केला.

पंखे मंदावत थांबले. आत गलका झाला. "लाइट गेली का रं?" म्हणून कोणी ओरडलं, कोणी ओमकारच्या काकाला हाका मारायला लागलं. छाया थांबली नाही, धवला मध्ये थांबवायचा नसतो. उकाड्याने वैतागलेली माणसं हळूहळू गप्प झाली, आणि तेवढ्यात तिचा श्वास आला.

सूर मागून आला. खरखरीत, बारीक, पण सरळ. बायकांच्या माना एकेक करून खांबाकडे वळल्या. जिजाही वळली, आणि तिचा पदर तोंडाशी गेला.

ओमकारचा काका तणतणत मागे आला. ऋषिकेश जनरेटरच्या पुढ्यातून हलला नाही.

"दोन मिनिटं थांबा, काका," तो म्हणाला. "गाणं होऊ द्या."

कापडाच्या फटीतून त्याला सतरंजी दिसत होती. छायाने मागे वळून पाहिलं नाही. ती गाता गाताच थोडी बाजूला सरकली आणि शेजारची सतरंजीची चुणी तिने हाताने सारखी केली.