आइसीचा बेस

मी एक जुना बेस आहे, व्हायोलिनच्या घराण्यातला सगळ्यात धिप्पाड. मित्रांनो, गाडीत मावत नाही म्हणून माझी उमेदीची वर्षं टपावर ताडपत्रीखाली गेली. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरांतलं एक वळण असं नाही ज्याने माझी हाडं खिळखिळी केली नाहीत.

मला आइसी वाजवायची. तिचा थोरला भाऊ गार्लंड बँजो वाजवायचा आणि गायचा. तेव्हा ड्रम नव्हते. ताल सांभाळायचा तो आइसीने आणि मी. गार्लंड सुटला की सुटलाच, त्याला आम्ही धरून ठेवायचो. मध्येच आइसी एक दात काजळीने काळा करून माझ्याआडून डोकावायची. "आमच्या गार्लंडला मुलगी बघा हो! बहिरी असेल तर उत्तमच!" शाळेच्या हॉलमध्ये माणसं पोट धरून हसायची.

मग वारं फिरलं. डोंगरातली पोरं शहरात कारखान्यांत गेली, त्यांना विजेवरची गिटार आवडू लागली. पुढे रॉक अँड रोल आलं आणि बँजो म्हणजे आजोबांची करमणूक ठरली. आमची साधी गाणीसुद्धा रेडिओवर व्हायोलिनांच्या ताफ्यासह गुळगुळीत होऊन येऊ लागली. गार्लंडने ड्रमवाला आणला, बेस गिटारवाला आणला.

"आणि मी रे?" आइसीने विचारलं.

"लोकांना आता काळा दात नकोय, आइसी."

तिने मला ताडपत्रीत गुंडाळून घरी नेलं. मला फार लागलं.

त्यानंतर बारा वर्षं मी तिच्या कोठारात, वाळत टांगलेल्या तंबाखूखाली उभा होतो. उंदरांनी माझ्या पोटात बिऱ्हाड थाटलं. आइसी शर्ट शिवायच्या कारखान्यात जायची. रविवारी येऊन माझी धूळ पुसायची, पण वाजवायची नाही.

एका वसंतात गार्लंड आला. कॉलेजच्या मुलांना म्हणे आता जुनाच बाज हवा होता. माळावर तंबू ठोकून तीन-तीन दिवस ब्लूग्रासचे, म्हणजे आमच्या त्या जुन्या डोंगरी संगीताचे, मेळे भरत होते.

"बेस दे," तो म्हणाला. "वाजवणारा आणलाय मी."

"घेऊन जा की," म्हणत आइसी ओसरीवर शेंगा सोलत बसली.

अंगणातच त्यांनी एक गाणं वाजवून पाहिलं. गार्लंड सुसाट सुटला, नवा गडी त्याच्यामागे धावला आणि गाणं मध्येच कोलमडलं. तीनदा तेच झालं.

गार्लंडने टोपी काढली. "चल ना, आइसी."

"कोण हवंय तुला? बेस की मी?"

"तू. चुकलो मी. सगळ्यांसमोर सांगतो, चुकलो."

"बारा वर्षं लागली होय रे हे सुचायला, मेल्या!" ती म्हणाली आणि रडली.

त्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा वाजलो. पण शिवणकामाने तिची बोटं आखडली होती. चार गाणी झाली की ती गरम पाण्यात हात बुडवून बसायची. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर तिला तार दाबताच येईना.

मित्रांनो, आवडीनिवडी बदलतात, बदलू देत. माझ्या पोटातले उंदीर हाकलले, फळी चिकटवली, की मी पुन्हा उभा राहिलो. आइसीचं तसं झालं नाही. तुम्ही कुणाला मंचावरून उतरवलं असेल, तर त्याच्या दारी आजच जा.