टेपबंदी

“टेप आत ठेव, नायतर विहिरीत टाकीन,” हिराबाई म्हणाली.

टेप टाकणार की आपल्याला, हे दक्षानं विचारलं नाही. विहीर दोघांना पुरेल एवढी होती. तिनं टेप पिशवीत टाकला. समोर बाजेवर हिराबाईची सून संगीता पोटावरचा पदर बाजूला करून पडली होती आणि भांडण संपायची वाट बघत होती. पहिलटकरीण होती, आठवा चालू होता. हे भांडण तिला दर महिन्याला ऐकायला मिळायचं.

शिंदीपाड्यात टेपबंदी होती. एकदा दारूबंदीही झाली होती, ती होळीपर्यंत टिकली. टेपबंदी मात्र कडक. गेल्या वर्षी तलासरीकडून कुठल्याशा मोठ्या रस्त्याची मोजणी करणारी माणसं आली. त्यांनी पोरांना बिस्किटं वाटली. ती खाऊन व्हायच्या आत टेप हिराबाईच्या चुलीवरून आणि कोंबड्यांच्या खुराड्यातून पलीकडं गेला होता. मग एकानं झाडांवर, दगडांवर लाल रंगानं नंबर घातले. हलणार नाही अशा वस्तूवर नंबर घाल, एवढंच त्याला सांगितलेलं होतं. हिराबाईच्या अंगणात दगड नव्हता. म्हैस होती, आणि ती हलत नव्हती. त्यानं म्हशीवर सतरा नंबर घातला.

पुढच्या वेळी साहेब आले तेव्हा सतरा नंबर शेजारच्या लाहूच्या अंगणात रवंथ करत बसला होता. साहेबांनी नकाशा बघितला, म्हैस बघितली आणि रेघ सरकवली. आता रस्ता हिराबाईच्या चुलीवरून न जाता लाहूच्या घरावरून जाणार होता. म्हशीला याचा पत्ता नव्हता, लाहूला होता. तेव्हापासून त्यानं हिराबाईशी बोलणं सोडलं आणि फक्त शिव्या चालू ठेवल्या. अर्धा पाडा त्याच्या बाजूला गेला, उरलेला अर्धा दोघांनाही शिव्या देऊ लागला. एकमत झालं ते एकाच गोष्टीवर. पाड्याच्या हद्दीत टेप उघडायचा नाही, कुणीच नाही. तुक्या शिंपीसुद्धा झंपरं दोरीनं मापायला लागला. आता सगळ्या बायका एकाच मापात बसतात, असं तो सांगायचा. बायका काय सांगायच्या ते तो ऐकत नसे.

अशा पाड्यात दक्षाला पोटं मोजायची नोकरी लागली होती.

मुंबईतल्या एका संस्थेचा अभ्यास होता. गरोदर बाईचा बीपी एकाएकी का चढतो, अंगावर सूज येऊन झटके का येतात, आणि कुणाला येणार ते आधी ओळखता येईल का, हे शोधायचं होतं. आजाराचं नाव प्रीएक्लॅम्पसिया. पाड्यात हे नाव कुणी घेत नसे, दक्षाही घेत नसे. ती ‘पोटुशीचा बीपी’ म्हणायची. दर महिन्याला दंडाला पट्टा लावून बीपी घ्यायचा, लघवी तपासायची, रक्त घ्यायचं आणि पोटाची उंची टेपनं मोजायची. पाड्यानं रक्त दिलं, लघवी दिली. टेप म्हटल्यावर कोयता काढला.

दक्षा चिखल्याची. तिकडंही सुख नव्हतं. किनाऱ्याला वाढवणच्या बंदराची बोलणी सुरू झाल्यापासून खांद्याला पिशवी आणि हातात फाईल असलेल्या माणसाला कुणी सरळ बघत नसे. तिच्या सख्ख्या चुलत्यानं एकदा तिला बंदरवाली समजून अंगणातून हाकललं. मग ओळखलं. ओळखल्यावर पुन्हा हाकललं. सकाळी चिखल्यात शिव्या, दुपारी शिंदीपाड्यात शिव्या, मधे डहाणू रोडला चहा, असा तिचा दिवस जायचा. चहावालाही काही गोड बोलत नसे.

टेपवर तोड हिराबाईनंच काढली होती, तीही दयेनं नव्हे, कटकट थांबावी म्हणून. दोरीला आकडे नसतात, तेव्हा दोरी चालेल. मग दक्षा तुक्याची दोरी संगीतेच्या पोटावर धरायची, गाठ मारायची आणि हद्दीबाहेर रस्त्याखालच्या ओढ्याच्या मोरीवर जाऊन, कठड्यावर दोरी पसरून टेप उघडायची. मुंबईच्या मॅडमना माप मिळायचं. ते कुठून येतं हे त्यांनी विचारलं नव्हतं.

आजही तिनं दोरी धरली आणि चिमटीत पकडली. गाठ मारायला गेली तर तिथं गाठ होतीच. गेल्या महिन्याची. तिनं पुन्हा धरून बघितली. पुन्हा तीच गाठ चिमटीत आली.

मोरीवर जायची गरज नव्हती. पोट महिनाभर वाढलंच नव्हतं.

“डोकं दुखतं काय गं?”

“दुखतं. परवापासून.”

“डोळ्यांपुढं काय होतं?”

“मुंग्या चालतात,” संगीता म्हणाली. तिचे डोळे सुजेत बारीक झाले होते. पायातले वाळे मांसात रुतले होते.

“सुजली म्हंजे भरली,” हिराबाई म्हणाली. “नितीनच्या टायमाला माझं पाय बघायचं होतं तू. म्हशीच्या पायासारखं.”

“म्हशीचं नाव नका काढू, मावशी.”

पट्ट्याचं यंत्र घरघरलं. वरचा आकडा एकशे सत्तर, खालचा एकशे पंधरा. दक्षानं थांबून पुन्हा घेतला. यंत्राचं मत बदललं नाही.

“हिला डहाणूला न्यायला पाहिजे. आत्ताच. इथं झटके आले तर ही पण जाईल आन पोर पण जाईल. मी गाडी बोलावते.”

“ने ना. मी कुठं धरून ठेवलंय?”

“तुम्ही चला बरोबर. घरचं माणूस लागतं तिथं. नितीन तर बोटीवर.”

“मी घर सोडून नाय जायची.”

आडमुठेपणा नव्हता तो. म्हणजे होता, पण त्याला कारण होतं. पलीकडची जयश्री लग्नाला म्हणून घराला कुलूप लावून गेली आणि परत आली तेव्हा स्वयंपाकघरात जमिनीत मोजणीची खुंटी ठोकलेली होती. कुलूप तसंच होतं. मोजणीवाले बंद दाराची वाट बघत असतात, हे पाड्याला तेव्हा कळलं. आणि आज ते यायचे होते. म्हशीची चूक कुणाच्या तरी लक्षात आली होती. रेघ परत तपासायची होती, आणि आज हिराबाईचं दार बंद सापडेल या आशेनं लाहू सकाळपासून ओट्यावर बसून दात कोरत होता.

“शेजारी सांगा कुणाला तरी घर बघायला.”

“कोणाला? त्या लाहूला? तो दार काढून देईल त्यांना. वर चहा पाजील.”

“ऐकू येतंय हां मला,” लाहू ओट्यावरून म्हणाला.

“ऐकायलाच बोलते, मेल्या.”

संगीता उठून बसली आणि कोपऱ्यात जाऊन ओकली.

“मी बसते,” दक्षा म्हणाली. “तुम्ही येईपर्यंत मी दारात बसते.”

“तू?” हिराबाई हसली. त्या हसण्यात हसू नव्हतं. “चोरालाच दारात बसवू? तू पन मोजनारीच.”

दक्षानं पिशवीतून टेप काढला आणि तिच्या हातात दिला. “घ्या. आता कशानं मोजू?”

हिराबाईनं टेप उलटासुलटा करून पाहिला, कमरेला खोचला आणि वर पदर घट्ट बांधला. मग सुनेला दंडाला धरून उठवलं. गाडी मोरीपर्यंतच यायची. त्या दोघी उतरणीला लागल्या तेव्हा ती मागं न बघता म्हणाली, “म्हशीला पानी दाखव. मारते ती.”

म्हशीनं मारलं. मारून झाल्यावर पाणी प्यायली.

दुपारी मोजणीचे साहेब आले. टोपी घातलेले, घामाघूम, नेहमी दुसऱ्याच्या घराकडं बघून बोलण्याची सवय असलेले. लाहू त्यांच्या पुढं चालत होता.

“हेच घर, साहेब. कोणी नाय घरात.”

“मी आहे,” दक्षा उंबऱ्यावरून म्हणाली.

“ही घरची नाय. ही मुताची बाटली नेनारी बाय हाय.”

“बाजूला व्हा ताई,” साहेब म्हणाले. “मोजणी आहे.”

“माझीपण मोजणीच आहे. माझी आधी सुरू झालीय. ती होईपर्यंत थांबावं लागंल.”

“कसली मोजणी?”

“बीपीची. बसा ना इथं. उन्हातून आलाय, तोंड लाल झालंय तुमचं.”

साहेबांना बसायचं नव्हतं, पण सावली तेवढीच होती. सरकारी माणसासमोर कुणी यंत्र काढलं की हात आपोआप पुढं होतो; त्यांचाही झाला. पट्टा फुगला, घरघरला. दक्षानं आकडा बघितला आणि यंत्र त्यांच्याकडं वळवलं. तिला काही बनवून सांगावं लागलं नाही. संगीतेपेक्षाही वरचा होता.

“हे बरोबर आहे?”

“गोळी चालू आहे?”

“नाही. मला काहीच नाही. मी रोज चालतो.”

“डोकं दुखतं?”

साहेबांनी विचार केला. आतापर्यंत दुखत नव्हतं, आता दुखायला लागलं. ते भिंतीला टेकले. त्यांच्या माणसांनी टेप खाली ठेवून त्यांना वारा घातला. मग त्यातल्या एकानं हळूच आपलाही दंड पुढं केला, दुसऱ्यानंही, आणि अंगणात रांग लागली. साहेबांना दोघांनी धरून मोरीकडं नेलं तेव्हा नकाशा बगलेतून घसरून खाली पडला. म्हशीनं तो हुंगला आणि सोडून दिला.

रांगेत शेवटी लाहू होता. दंड पुढं करून तो म्हणाला, “हिराबाईची चाकर झालीस तू.”

“बोलू नका. बोललं की वाढतो.”

“किती हाय?”

“चांगला आहे.”

“कसा असंल? सकाळपासून एक शिवी पोटभर द्यायला मिळाली नाय,” लाहू म्हणाला, आणि घरी गेला. त्यानं तिला पाणी विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही. संध्याकाळी मॅडमचा फोन आला की संगीतेचा रकाना रिकामा दिसतोय. दक्षा म्हणाली, टेप बाहेरगावी गेलाय.

सकाळी उन्हं अंगणात आली तेव्हा हिराबाई उतरण चढून आली. एकटी. छातीशी संगीतेच्या जुन्या लुगड्याची गुंडाळी धरली होती आणि ती अशी चालत होती, की त्यात झोपलेलं कुणी जागं होऊ नये.

दक्षा उंबऱ्यावरून उठली.

“संगीता हाय,” हिराबाई म्हणाली. “झटका आला वाटंत. मग पोट फाडलं. ती हाय. आज डोळं उघडलं तिनं.” गुंडाळी सावरून म्हणाली, “पोरगी होती. वाढलीच नव्हती.”

मग तिनं दाराकडं, चुलीकडं आणि जमिनीकडं बघितलं. खुंटी कुठंच नव्हती.

लहान लेकरू घराजवळ ठेवायचं, ही त्या घराची रीत. हिराबाईनं अंगणाची कड दाखवली, म्हैस बांधायची त्याच्या बाजूला. ओट्यावरून लाहू उठला. तो कुदळ घेऊन आला, त्या जागेकडं बघत उभा राहिला आणि घसा खाकरून म्हणाला, “इथं ठेवलीस तर ते इथनं रस्ता नेनार नाय. रेघ कायमची माझ्याच घरावर राहील.”

“मग कुठं ठेवू? सांग.”

लाहूनं सगळीकडं बघितलं. पाडा एवढासा होता. जिथं बघावं तिथं कुणाचं तरी घर होतं.

“सर बाजूला,” तो म्हणाला, आणि त्यानं तिथंच पहिला घाव घातला.

थोडं खणून तो थांबला. किती लांब खणायचं ते त्याला कळेना. त्यानं दोन तळहात हवेत धरले, जवळ आणले, आणखी जवळ आणले, आणि मग ते हात कुठं ठेवावेत ते न कळून कुदळीवर ठेवले.

हिराबाईनं कमरेचा टेप काढला आणि दक्षापुढं धरला.

“माप.”

जयश्री दारात आली होती, तुक्या ओटीवर उभा होता. दक्षानं सगळ्यांकडं एकदा बघितलं. कुणी नको म्हणालं नाही. ती खाली बसली, टेप उघडला, त्या गुंडाळीला लावला आणि आकडा लाहूला हळू आवाजात सांगितला. लाहूनं तेवढं खणलं. मग स्वतःच्या मनानं टीचभर जास्त खणलं.

माती लोटून झाल्यावर हिराबाईनं टेप घेतला, त्यावरची माती पदरानं टोकापर्यंत पुसली, गुंडाळून दक्षाच्या पिशवीत टाकला आणि पिशवीचं तोंड बांधलं.

“संगीतेचा बीपी बघायला ये,” ती म्हणाली. “तो काढू नको. विहिरीत टाकीन.”

म्हशीचं दावं सोडून तिनं तिला अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बांधलं.