तिला दाखवायची रात्र

"अगं, हलू नकोस!"

"मी कुठे हलतेय? तुमचाच हात थरथरत असणार," बायको गच्चीच्या कट्ट्यावरून म्हणाली. "जन्मभर लोकांना 'हलू नका' म्हणून दरडावलंत, आता भोगा!"

फोटोवाले वरमले. ओळखपत्रांचे फोटो काढण्यात हयात गेली, पण ती दिव्यांच्या लखलखाटात. अंधाराचा फोटो म्हणजे वेगळंच प्रकरण. पहिला बटण दाबतानाच हलला. दुसरा जिन्यातल्या दिव्याने पांढराफटक केला.

पण माघार घ्यायची नव्हती. बायकोला लहानपणापासून रातांधळेपणा. दिवेलागण झाली की ती भिंती चाचपत चालायची. चांदणं तिला ऐकूनच माहीत. आता डॉक्टर म्हणत होते, दिवसाची नजरही फार टिकणार नाही. ती नजर जायच्या आत हिला एकदा रात्र दाखवायची, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं.

त्यांनी जिन्यातला दिवा मालवला. स्टँड डुलू नये म्हणून त्याला बटाट्यांची पिशवी लटकवली. बटणाला हात नको म्हणून टायमर लावला. कॅमेऱ्याचा पडदा अर्ध्या मिनिटासाठी उघडला, तसा त्यांनी तिच्या चेहऱ्यावरून बॅटरीचा झोत हलकेच फिरवला आणि विझवला.

"आहात ना हो?" ओठ न हलवता ती पुटपुटली. ते अंधारातच जवळ गेले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि पडदा मिटायच्या आत परत फिरले.

सकाळी खिडकीपाशी तिने तो मोठा फोटो नाकाजवळ धरला. धान्य निवडावं तशी ती कोपऱ्याकोपऱ्याने बघत होती.

"हे पांढरं काय सांडलंय?"

"तारे."

"एवढे? रोज असतात?"

"रोज."

"माझ्या डोक्यावर?" तिचे डोळे भरून आले, तरी तिने फोटो खाली ठेवला नाही. फोटोवालेही वाकून बघू लागले. खरं सांगायचं तर इतके तारे त्यांनीही कधी पाहिले नव्हते. कॅमेऱ्याइतका वेळ मान वर करून बसलंय कोण?

मग तिचं बोट तिच्याच खांद्याशी थांबलं. "आणि तुम्ही कुठेत? हात ठेवला होतात की."

"येऊन लगेच गेलो ना. हलणारा माणूस यात उमटत नाही."

"असं होय? मग आज परत काढू. टायमर लावा आणि मुकाट्याने शेजारी बसा."

रात्री ते कट्ट्यावर बसले. तिने चाचपत त्यांचा थरथरता हात शोधला आणि आपल्या मांडीवर घट्ट दाबून धरला. समोर खट्ट झालं.

"हलू नका हं," ती म्हणाली.

फोटोवाल्यांनी पापणीसुद्धा लवू दिली नाही.