कोपऱ्यातले दोन रोल

ऐकताय ना? मी या घरातला ओव्हन. बोलायची मला सवय नाही. तापणं आणि निवणं, एवढंच येतं. पण मनात एक गोष्ट फार दिवस जळते आहे, ती आज सांगून टाकतो.

कारखान्यात माझी खालची कॉइल बसवताना तिचं मागचं उजवं टोक जरासं वर राहिलं. वरून जाळी आली, दार लागलं, कोणाच्या लक्षात आलं नाही. तपासणाऱ्याने मला तापवून पाहिलं आणि पाठीवर थोपटून पुढे ढकललं. चांगला दिसत होतो मी. आतून वाकडा होतो.

या घरात मला आईने आणलं. चीज रोल हा तिचा हातखंडा. यीस्ट नको, पीठ फुगायची वाट बघणं नको. मैद्यात बेकिंग पावडर, थंड लोणी चोळून घ्यायचं, दही आणि सढळ हाताने किसलेलं चीज. पीठ फार मळायचं नाही, गोळा होईल इतपतच. मुलं शाळेतून येऊन हातपाय धुवेपर्यंत ट्रे आत गेलेला असे.

पहिल्याच दिवशी माझ्या त्या कोपऱ्यातले दोन रोल खालून काळे झाले. आईने ते पाहिले, दाराकडे पाहिलं, आणि दोन्ही उचलून डब्यामागे लपवले. सोनेरी रोल बाहेर गेले. सगळ्यांचं खाऊन झाल्यावर तिने मोरीपाशी उभं राहून सुरीने काळं खरवडलं आणि ते दोन रोल पाण्याच्या घोटाबरोबर खाल्ले.

मग ते रोजचंच झालं. एकदा बाबा अचानक आत आले, तर म्हणाली, "मला कडकच आवडतात."

मी काय करणार? तापायचं नाही असं ठरवता येत नाही मला. आई गेली तेव्हा बाहेर लोक म्हणत होते, तिच्या हातचं कधी काही बिघडलं नाही. मी गार पडून ऐकत होतो.

पुढे मुलाचं लग्न झालं. सूनबाई आली. तिने आईला पाहिलंही नव्हतं. हौसेने तिने चीज रोल केले, अगदी निगुतीने. आणि सगळा ट्रे तसाच टेबलावर नेला. तिला काय ठाऊक, आधी काही लपवायचं असतं म्हणून!

"आज रोल आहेत की कोळसे?" मुलगा हसत म्हणाला.

"कोळसेच आहेत. शेगडी पेटव." तीही हसली. त्या पहिल्या वेळी तरी हसली.

पुढच्या वेळी माहेरी आलेली नणंद म्हणाली, "आईच्या हाताला अंदाज होता गं. तिला घड्याळसुद्धा लागायचं नाही."

सूनबाईने आच कमी केली, तर मधले कच्चे राहिले. वेळ कमी केला, तर चीज वितळेना. दर वेळी ती माझ्यासमोर बसून काचेतून आत पाहत राही. दोष शोधत होती स्वतःच्या हातांत. बघता बघता तिने चीज रोलबरोबर बाकी स्वयंपाकातूनही अंग काढून घेतलं. "तुम्हाला आवडेल तसं बाहेरून मागवा," एवढंच म्हणायची. घर तिचं होता होता राहत होतं, आणि कारण मी होतो.

परवा दुपारी उरलेलं चीज संपवायला म्हणून तिने शेवटचा ट्रे लावला. "यापुढे नाही," ती स्वतःशीच म्हणाली. ट्रे बाहेर काढला तेव्हा बाबा पाणी प्यायला आले होते.

"हे दोन बाजूला काढ. हिचे आहेत," ते बोलून गेले, मग ओशाळले. "सवय गं. ही हेच दोन आधी काढायची. मी एकदा हात घातला, तर चापट मारली होती."

"कुठले दोन, बाबा?"

"हेच. कोपऱ्यातले."

"रोज कोपऱ्यातलेच?"

"रोज. तिला कडक आवडायचे ना."

सूनबाईने ट्रे रिकामा केला. तिने पावाच्या स्लाइस ट्रेभर पसरल्या, एक इंचही जागा मोकळी न ठेवता, आणि आत सरकवल्या. बाहेर काढल्या तेव्हा सगळ्या बदामी होत्या. मागच्या उजव्या कोपऱ्यातली तेवढी काळीठिक्कर.

संध्याकाळी मुलगा आल्यावर तिने तो ट्रे त्याच्यासमोर ठेवला.

"म्हणजे ओव्हनच बिघडलाय की!"

"आज नाही बिघडला," ती म्हणाली. "पहिल्यापासून असाच आहे. आई हे कोपऱ्यातले दोन रोज आधीच काढून ठेवायच्या."

त्याला समजलं. तो खुर्चीत बसला. मग हळूच म्हणाला, "चुकलो मी. तुला उगीच बोललो."

बाबा मात्र दारातच उभे होते. "मग... तिला आवडत नव्हते?"

सूनबाईने त्यांचा हात धरून त्यांना बसवलं. "आवडत असतील, बाबा. कडक खाणारी माणसं असतात."

आता सूनबाई निम्मा वेळ झाला की ट्रे फिरवते आणि कोपऱ्यात काही ठेवत नाही. मला बदलायचा विषय मुलाने काढला, तर ती म्हणाली, "राहू दे. त्याची खोड कळली आता." तिचं एवढं मोठं मन मला झेपत नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. मोरीपाशी आई सुरीने काळं कसं खरवडायची, हे मी तुम्हाला सांगितलं. बाबांना कळू देऊ नका.