पायाखालचा डोंगर

लहानपणी ती एका जागी टिकत नसे म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. पुढे तिने धंदाही तसाच निवडला. सुट्टीवर जाऊनही पहाटे उठून धावणाऱ्या, सायकल हाणणाऱ्या, गार पाण्यात उड्या टाकणाऱ्या लोकांसाठी ती प्रवासाची पुस्तकं लिहायची. ही मंडळी खोलीत शिरल्यावर गादी मऊ आहे का ते विचारत नाहीत. चढ केवढा आहे, वाटेत कुत्री आहेत का, नाश्त्याला तळकट सोडून काही मिळेल का, हे विचारतात. भिंगरी प्रत्येक वाट आधी स्वतः धावायची. गुडघा कुठे बोलतो, सावली कुठे संपते, पाणी कुठे मिळतं, दवाखाना कोणत्या अंगाला आहे, हे सगळं पाहिल्याशिवाय ती ओळ लिहीत नसे. "आधी पाय, मग पेन," असं ती संपादकांना ऐकवायची.

तिची थोरली बहीण आणि भाऊजी एका डोंगरउतारावर राहायचे. भाऊजी शाळेत कसरतीचे मास्तर होते. नोकरी संपल्यावर दोघांनी शहरातली जागा विकली आणि गावाच्या वर, उताराच्या मध्यावर, पाहुण्यांसाठी घर बांधलं. घर पाहावं बांधून म्हणतात ते उगाच नाही. बांधता बांधता भाऊजींचे केस गेले आणि ताईची झोप. पण घर देखणं झालं. मागच्या दारातून एक पायवाट निघायची ती थेट माथ्यावर. भिंगरीने गेल्या वर्षीच्या पुस्तकात त्या वाटेबद्दल भरभरून लिहिलं, आणि बहिणीचं घर म्हणून नव्हे. वाट खरोखरच तशी होती. तेव्हापासून पुस्तक हातात घेतलेले पाहुणे येऊ लागले आणि ताईला श्वास घ्यायला फुरसत मिळेना.

नवी आवृत्ती निघणार होती, म्हणून भिंगरी वाट पुन्हा तपासायला आली.

आल्या आल्या तिच्या खोलीचं दार लागेना. भाऊजी रंधा घेऊनच आले, जणू वाटच पाहत होते.

"लाकूड फुगलंय," ते म्हणाले.

"इतक्या कोरड्या हवेत?"

"नवं लाकूड आहे. त्यालाही स्वभाव असतो, तुझ्यासारखा."

ती हसली. पण न्हाणीघरात गेली तर तिथल्या फरशीला नवी भेग होती, आणि भेगेवर पांढरं सिमेंट अगदी ताजं होतं. जेवताना तिने ताईला विचारलं. ताई म्हणाली, "घर बसतंय गं. नवी घरं बसतातच." आणि लगेच सॅलडचं भांडं तिच्यापुढे सरकवलं. भाऊजी ताटातून मान वर करेनात. एरवी जेवताना त्यांचं तोंड दोन्ही कामांना चालायचं.

सकाळी ती बुटाच्या नाड्या बांधून वर निघाली. वाट तीच होती, पण पायांना ती ओळखीची वाटेना. जिथे सपाट होतं तिथे एक फुगवटा आला होता. कडेच्या कुंपणाची तार एका ठिकाणी ताणून सतारीसारखी झाली होती आणि थोडं पुढे जमिनीवर लोळत होती. गेल्या वर्षी ज्या झऱ्याचं पाणी ती ओंजळीने प्याली होती, तो गढूळ वाहत होता. कित्येक आठवड्यांत पाऊस नव्हता. झाडं सगळी एकाच दिशेला, खाली घराकडे कललेली. कुणीतरी हाक मारावी आणि सगळ्यांनी वळून पाहावं तशी.

माथ्याच्या जरा खाली तिला गवताचा एक हिरवा पट्टा आडवा दिसला. आसपासचं गवत वाळलेलं आणि तेवढंच हिरवं. तिने बुटाने डिवचलं तसा गवताचा तुकडा गालिच्यासारखा सुटून आला. खाली ओली माती, दगड, आणि त्याखाली काळोख. तिने एक खडा टाकला. तो बराच वेळ वाजत गेला, आणि मग वाजायचा थांबला, पण पडल्याचा आवाज काही आला नाही.

 ती धावत उतरली नाही. पाय जपून टाकत, झोपलेल्या माणसाशेजारून जावं तशी उतरली.

भाऊजी मागच्या अंगणात घमेलं धूत होते. घमेल्याला माती होती.

"भाऊजी, माथ्याखालची ती फट तुम्ही भरताय?"

त्यांनी नळ बंद केला. "हळू बोल. तुझी ताई आत आहे."

"तिला माहीत नाही?"

"घर बसतंय एवढं माहीत आहे. हे बघ, एक तज्ज्ञ येऊन बघून गेलाय. म्हणाला, डोंगर असे सरकतात, शंभर शंभर वर्षं सरकतात. लोक राहतात ना?"

"आणि अजून काय म्हणाला?"

भाऊजींनी घमेलं पालथं घातलं. "म्हणाला, पाणी गढूळ झालं तर थांबू नका."

 भिंगरी म्हणाली, "पाणी गढूळ आहे."

"काल सकाळपासून," ते म्हणाले. कसरतीच्या मास्तरांचा तो खणखणीत आवाज कुठल्या कुठे गेला होता. "मी म्हटलं, पाहुणे आहेत, हे जाऊ देत. मग तिला सांगतो. हे घर म्हणजे तिचा जीव आहे गं."

"सगळ्यांना खाली न्यायचं. आत्ता. नाश्ता राहू दे."

ताईने मात्र ऐकून घेतलं नाही. ती ओट्याशी फळं चिरत होती. "काय डोक्यात घेतलंस तू? भरल्या घराला नाट लावतेस? पाहुण्यांना काय सांगू, माझी बहीण घाबरली म्हणून सामान उचला?" मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, पण तिच्या हातातली सुरी थांबली. "अहो," ती म्हणाली, "तुम्ही काहीतरी बोला ना."

 ताईने सुरी खाली ठेवली आणि पदराला हात न पुसताच पाहुण्यांची दारं ठोठावायला सुरुवात केली.

पाहुणे फार नव्हते. पोहणं शिकवणाऱ्या एक निवृत्त बाई आणि त्यांची मैत्रीण कुरकुर न करता पिशव्या घेऊन आल्या. सायकलवाले तिघे भाऊ आधी हसले, मग भिंतीवरचा आरसा आपोआप तिरका झालेला पाहून सामान भरायला लागले. उरलं एक तरुण जोडपं. त्यांची खोली रिकामी होती.

भिंगरी मागच्या दाराकडे धावली. दोघं वाटेच्या पहिल्या वळणावर पायाचे स्नायू ताणत उभी होती. मुलीने चष्मा दोरीने बांधला होता.

"परत या!" भिंगरी ओरडली. "वर जाऊ नका, डोंगर धोक्याचा झालाय."

"पण पुस्तकात तर लिहिलंय," मुलीने पाठीवरच्या पिशवीला थोपटलं, "की वाट अगदी सुरक्षित आहे. नवशिक्यांनाही चालेल."

"ते मीच लिहिलंय!"

मुलगा हसला. "हो का? मग सही हवी आम्हाला. येऊन घेतो." आणि दोघं उड्या मारत वर गेली. ताजी, तंदुरुस्त पोरं. बघता बघता दिसेनाशी झाली.

ती मागोमाग निघणार तोच भाऊजींनी तिचा दंड धरला. "तू ताईला घेऊन उतर. ती माझं ऐकणार नाही, मी खोटं बोललोय तिच्याशी. तुझं ऐकेल. त्यांना मी आणतो."

"आणि तुमचा दुखरा गुडघा?"

"ओरडायला गुडघा लागत नाही," ते म्हणाले आणि गळ्यात शिट्टी अडकवून निघाले. शाळेतलीच शिट्टी होती ती.

भिंगरीने ताईला अक्षरशः ओढत खाली नेलं. ताई सारखी मागे वळत होती. "ते कुठे आहेत? अगं, ते येतायत ना?" वरून शिट्टी ऐकू येत होती, लांब, ठासून, मैदानावर पोरांना गोळा करावं तशी. मग पोहण्याच्या बाई मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "पक्षी का ओरडत नाहीत?" तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की सकाळपासून एकही पक्षी ओरडला नव्हता.

ती मंडळी नदीवरच्या पुलावर पोचली आणि जाड कापड टराटरा फाडावं तसा आवाज आला. उताराचा मधला भाग, झाडांसकट, उभाच्या उभा खाली येऊ लागला. वेगात नाही. बैल बसतो तसा आधी मागून, मग पुढून. घर थोडा वेळ त्याच्या पाठीवर बसून आलं, छप्परही शाबूत होतं, मग मोडलं. धूळ पुलापर्यंत आली. धूळ खाली बसेपर्यंत कुणी कुणाचा हात सोडला नाही.

जोडपं सापडलं. बाजूच्या उघड्या खडकावर दोघं एकमेकांना घट्ट धरून बसली होती. मुलीचा चष्मा फुटला होता. तिने दवाखान्यात सांगितलं, "सरांनी शिट्टी वाजवून आम्हाला खडकाकडे पळायला लावलं. स्वतः आमच्या मागे होते. मी हात पुढे केला, ते म्हणाले, आधी तू. इतकं रागावून म्हणाले की मी ऐकलंच."

भाऊजी सापडले नाहीत. यंत्रं आली, माणसं आली, कुत्री आली आणि काही दिवसांनी परत गेली.

ताई त्या दिवसांत रडली नाही. एकदाच म्हणाली, "मला सांगितलं असतं तर मी घर सोडलं असतं. घर काय, घरच होतं." भिंगरीने तिला आपल्याकडे न्यायचा खूप प्रयत्न केला. ताई ऐकेना. तिने गावात, पुलाच्या तोंडाशी, वरच्या मजल्यावर एक खोली घेतली. खिडकीतून तो तुटलेला उतार समोरच दिसतो. भिंगरी म्हणाली, "रोज हेच बघणार तू?" ताई म्हणाली, "मग काय, पाठ फिरवून बसू?"

संपादकांनी दुकानातल्या प्रती मागवून घेतल्या, नव्या आवृत्तीतून ते गाव काढलं. पण विकली गेलेली पुस्तकं लोकांच्या कपाटांत होती, उसनी दिली जात होती. सुट्ट्या लागल्या की कुणी ना कुणी पाठीला पिशवी लावून पुलावर यायचंच. पोलिसांनी लावलेली फळी लोक ओलांडून जायचे. फळीला कोण विचारतो?

गेल्या खेपेला भिंगरी गेली तेव्हा ताई पुलाच्या कट्ट्यावर बसलेली होती. एक बाप आणि त्याच्या दोन मुली समोर उभ्या होत्या. बाप हुज्जत घालत होता.

"आम्ही फार वर नाही जाणार, आजी. मुली रोज धावतात."

"धावतात ते दिसतंय," ताई म्हणाली. "तरी नाही."

"पण तुम्ही कोण थांबवणाऱ्या?"

ताई कट्ट्यावरून उठली आणि पुलाच्या मधोमध जाऊन उभी राहिली.  बापाने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मुलींचे हात धरले आणि नदीकाठच्या रस्त्याला वळला.

भिंगरी तिच्याजवळ गेली. संध्याकाळ व्हायला वेळ होता, ऊन स्वच्छ होतं. वरून बारीक खडखड ऐकू आली आणि थोडी धूळ उठली. भूगर्भवाले सांगतात, डोंगराचा वरचा भाग अजून तसाच लटकलेला आहे.

"चल ताई, चहा घेऊ," भिंगरी म्हणाली.

"तू जा पुढे," ताई म्हणाली. "अजून एक गाडी यायची आहे."